मुलांच्या वॉर्डात पहिल्यांदा जाताना: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लहान मुलांच्या तापाबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे आयांची पत्रं येतील असं वाटलं होतं आणि ती आलीच, पण या वेळी ढिगातली निम्मी पत्रं मेडिकलला शिकणाऱ्या पोरापोरींची निघाली. कोणाची पेडियाट्रिक्सची, म्हणजे बालरोग विभागातली पोस्टिंग सुरू होतेय, कोणी इंटर्न आहे, कोणाची नुकतीच संपलीय आणि मनातून जात नाहीये. मी सरकारी मेडिकल कॉलेजात बरीच वर्षं याच विभागात शिकवलं, आता तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे, पण ही पत्रं वाचताना परत त्या वॉर्डातच उभी होते. म्हणून या वेळचा कॉलम त्यांचा. एक पत्र एका आईचं आहे, ते मुद्दाम मध्ये ठेवलंय, विद्यार्थ्यांनी ते वगळून पुढे जाऊ नये.

नमस्कार मॅडम, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोमवारपासून पेडियाट्रिक्सची पोस्टिंग आहे. मेडिसिनच्या वॉर्डात काही वाटलं नाही पण आमच्या घरात लहान मूल कोणीच नाही, मी आजपर्यंत तान्हं बाळ हातात घेतलेलं नाही. सिनियर म्हणतात तिथे सगळी मुलं रडतात, तपासायला काही मिळतच नाही. नक्की काय असतं तिथे? काय तयारी करून जाऊ?
एक विद्यार्थिनी, नांदेड

तान्हं बाळ हातात घेतलेलं नाही ना, मग सोमवारी आधी तेच कर. बाळंतिणींच्या वॉर्डात जा, तिथल्या इन्चार्ज सिस्टरना सांग की मला बाळ धरायला शिकवा, त्या आवडीने शिकवतात. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली, आणि मग डोकं आपल्या कोपराच्या खाचेत. एखाद्या आईला विचारून दोन मिनिटं धर. हाताची थरथर तिथेच जाते, पुस्तक वाचून जात नाही.

दिवस कसा असतो ते सांगते. सकाळी तू पोचतेस तेव्हा रेसिडेंट लोक, म्हणजे तिथेच पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर, आधीपासून तिथे असतात, बऱ्याचदा रात्रभर तिथेच असतात, रक्त काढणं, सलाईनच्या सुया बदलणं, रात्री कोण बिघडलं कोण सुधारलं ते कागदावर उतरवणं चालू असतं. मग राउंड. मग तुम्हाला एकेक पेशंट वाटून देतात, हिस्टरी घ्यायची, म्हणजे आजाराची आणि मुलाची सगळी माहिती विचारायची, तपासायचं आणि सरांपुढे केस प्रेझेंट करायची. मध्ये काही दिवस ओपीडी, लसीकरणाची खोली, एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आणि असेल तर एनआरसी, म्हणजे कुपोषित मुलांचं पोषण पुनर्वसन केंद्र. कॉलेजाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं पण साचा हाच. आणि पेशंट कोणते मिळतील हे बरंचसं महिन्यावर असतं. जुलै-ऑगस्टात गेलीस तर जुलाब आणि डेंग्यूने वॉर्ड भरलेला, एका कॉटवर दोन-दोन मुलं, थंडीत छाती भरलेली आणि धाप लागलेली तान्ही बाळं. विदर्भात सिकल सेल या रक्ताच्या आजाराची मुलं हातपाय दुखतात म्हणून कळवळत येतात. कोकणात विंचूदंश. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, त्याच्याआधी लाल विंचू चावलेली कितीतरी मुलं हृदय थकून जायची. अजूनही तिकडचा अनुभवी डॉक्टर घामाने भिजलेलं, हातपाय गार पडलेलं मूल समोर आलं की पहिल्यांदा विचारतो, काही चावलं का.

मुलं रडतात हे खरंय. तपासायला काही मिळत नाही हे मात्र अजिबात खरं नाही, उलट हात लावायच्या आधीच सगळ्यात जास्त मिळतं. आत गेल्या गेल्या स्टेथो काढू नकोस. कॉटपासून तीन-चार फुटांवर थांब, आईशी बोल, आणि बोलता बोलता बाळाकडे बघत राहा. ते मांडीवर कसं बसलंय, तुझ्याकडे बघतंय का, आईची बांगडी ओढतंय का, की मलूल पडून आहे, दूध ओढताना मध्येच सोडून श्वास घेतंय का, नाकपुड्या फुगतायत का, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जातोय का. मग आईला म्हण, जरा झबलं वर करता का. आता घड्याळ लावून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस, तान्ही बाळं काही सेकंद भराभर श्वास घेतात आणि मग जरा थांबतात, गुणाकार फसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वाढलाय. गावाकडच्या बायका 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच, आणि ज्या आईने पोट उडतंय म्हणून बाळ आणलं तिने न्यूमोनियाची शंका तुझ्याआधी घेतलेली असते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी हेच मोजायला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन बनवलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, म्हणजे शाळेत न गेलेल्या बाईलाही ते जमतं. ती बाई पूर्ण मिनिट देते, आपणही द्यावं.

पुस्तकातला तपासणीचा क्रम इथे चालत नाही. बाळ शांत आहे किंवा झोपलंय तोवर छाती आणि हृदय ऐकून घे, टाळूला बोटं लावून बघ, मग पोट. घसा आणि कान सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यानंतर ते तुला जवळ येऊ देणार नाही. स्टेथो तळहातावर चोळून गरम कर, आधी आईच्या हाताला लाव, मग बाळाला. कॉटवर आडवं टाकायचा हट्ट नको, मांडीवर बसूनच बहुतेक सगळं तपासता येतं. आणि रडलंच तर रडू दे, रडताना मध्ये जो मोठा श्वास आत घेतं तो छाती ऐकायला उत्तम असतो. सात-आठ महिन्यांपुढचं बाळ तुला बघून तोंड फिरवतं आणि आईला बिलगतं ना, ते लिहून ठेव, त्याला परकं माणूस ओळखता येतं असा त्याचा अर्थ, तोही माइलस्टोनच, म्हणजे वाढीचा एक टप्पाच आहे.

मॅडम, हिस्टरी घेताना आई बोलतच नाही, आजीच सगळं सांगते. माइलस्टोन्स विचारले की कुणालाच आठवत नाहीत, "सगळं वेळेवर केलं" एवढंच. जेवतो का विचारलं तर "हो". सर म्हणतात हिस्टरी अर्धवट आहे. काय करू?
विद्यार्थी, धुळे

प्रश्न बदल. "कितव्या महिन्यात बसायला लागला" याचं उत्तर तुझ्या स्वतःच्या आईलाही देता येणार नाही. पण संक्रांतीला बोरन्हाण केलं तेव्हा तो आपला आपला बसला होता की धरावं लागलं, हे तिला लख्ख आठवतं. बारशाला मान धरत होता का, उष्टावण कधी केलं, गणपतीत रांगत होता का, मामाच्या लग्नात चालला का. जन्मतारखेवरून महिने तू मोज. मान साधारण तीन-चार महिन्यांत धरतात, आधाराशिवाय आठच्या आसपास बसतात, वर्षाच्या आगेमागे पावलं टाकतात, एवढं डोक्यात असलं की बाकीचं जुळवता येतं. आणि हल्ली तर जवळपास प्रत्येक आईच्या फोनमध्ये बाळाचे व्हिडिओ असतात, तारखेसकट. "दाखवता का" म्हणालास की ती खुलते आणि खरी डेव्हलपमेंटल हिस्टरी तुझ्या डोळ्यासमोर चालू होते.

जेवणाचं पण तसंच. जेवतो का असं विचारूच नये. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते क्रमाने विचार, आणि वाटी केवढी ते हाताने दाखवायला सांग. मग निघतं की सकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं, दुपारी वरणाचं पाणी, खालचं घट्ट वरण नाही नुसतं पाणी, संध्याकाळी कुरकुऱ्याचं पाकीट, रात्री झोपून गेला. आई शेतावर जाते तेव्हा कोण भरवतं हेही विचार, बऱ्याचदा सात-आठ वर्षांची बहीण भरवत असते.

आजीला दूर सारू नकोस. तिने चार-पाच पोरं वाढवलेली असतात आणि घरातले निर्णय तिचे असतात, ती दुखावली तर तुझं औषधही घरी पोचत नाही. तिचं सगळं ऐकून घे, मग म्हण आजी, बाळाचं लसीचं कार्ड पिशवीत आहे का बघता. ती पिशवी धुंडाळते तेवढ्यात आईशी हळू बोल. आणि कार्ड आलं की ते स्वतः वाच, "सगळे डोस झाले" यावर थांबू नकोस. जन्माला बीसीजी, पोलिओ, कावीळ ब, मग सहा, दहा, चौदा आठवडे, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, मग सोळा ते चोवीस महिन्यांतले बूस्टर. सगळ्यात जास्त गळती नवव्या महिन्यापुढे होते, कारण तोवर आई माहेरहून सासरी आलेली असते आणि कार्ड माहेरीच. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का तेही बघून घे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पोटावर डागण्या दिसल्या, नाकात तेल घातलेलं कळलं, बाळगुटीत काय काय उगाळलं ते कळलं, तर लगेच ओरडू नकोस. एकदा ओरडलास की ती पुढची गोष्ट लपवते, आणि बाळाच्या पोटात काय गेलंय हे आपल्याला कळणं त्या वेळी आपल्या रागापेक्षा फार महत्त्वाचं असतं. समजावून सांगायचंच, पण डिस्चार्जच्या आधी, तिचा विश्वास बसल्यावर. तुझ्याकडे अहिराणी बोलणाऱ्या बायका जास्त असतील, चार शब्द शिकून घे, फेफरं, आकडी, झटके, फिट या सगळ्याला कुठे काय म्हणतात ते सिस्टर आणि मावशी सांगतील.

डॉक्टर, माझ्या आठ महिन्यांच्या मुलाला न्यूमोनिया म्हणून एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाच दिवस ठेवलं होतं. उपचार चांगले मिळाले. पण रोज सकाळी दहा-बारा मुलंमुली यायची, प्रत्येक जण छातीला स्टेथो लावायचा, रात्रभर न झोपलेलं बाळ कसंबसं झोपलेलं असायचं ते उठायचं. मला नाही म्हणायचं होतं, पण मग डॉक्टर नीट बघणार नाहीत अशी भीती वाटली. नाही म्हणता येतं का?
एक आई, सातारा

येतं ताई. पूर्ण हक्क आहे तुमचा, आणि त्याचा उपचारावर काडीचाही फरक पडत नाही, पडता कामा नये. "आत्ता झोपलाय, नंतर या" एवढं म्हटलं तरी पुरतं. तुम्हाला पाच दिवस ही भीती बाळगावी लागली याचं मला फार वाईट वाटलं, ते आमच्या शिकवण्यातलं कमी आहे. विद्यार्थ्यांनो, एका बाळाला एका वेळी दोघांनी, फार तर तिघांनी तपासायचं. आधी स्वतःचं नाव सांगायचं, मी शिकतोय हे सांगायचं, विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर हसून पुढे जायचं. हात तिच्यासमोर धुवायचे, तिला दिसेल असे.

आणि ताई, एक प्रसंग तुम्हालाही सांगावासा वाटतो. आमच्या वॉर्डात दीड वर्षाचा एक मुलगा होता, न्यूमोनिया म्हणून ठेवलेला, औषधं चालू पण एका बाजूला हवाच नीट जाईना. आम्ही सगळे एक्सरे बघत होतो. एक विद्यार्थी दुपारी त्याच्या आईजवळ तासभर बसला, काही विशेष विचारतही नव्हता, आणि बोलता बोलता ती म्हणाली की घरी शेंगा फोडत होतो, हा मध्येच रांगत आला आणि एकदम ठसका लागून निळा पडला होता, पण मग ठीक झाला म्हणून कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून श्वासनळीतला शेंगदाण्याचा तुकडा काढला. आम्हा मोठ्या डॉक्टरांकडे तो तास नव्हता, त्या विद्यार्थ्याकडे होता. म्हणून जमेल तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याला जवळ बसू द्या.

मॅडम, इंटर्नशिपमध्ये पहिल्याच नाईटला बाळाला पॅरासिटामॉल लिहायला सांगितलं आणि माझा हात थांबला. मोठ्यांचे डोस पाठ आहेत. मुलांचं किलोमागे गणित करायचं म्हटलं की चुकेल अशीच धास्ती असते.
इंटर्न, कोल्हापूर

हात थांबला ते बरं झालं. माझा थांबला नव्हता. मी इंटर्न असताना सात किलोच्या बाळाला ताप होता, मी गणित बरोबर केलं, किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम, सिरपच्या हिशोबाने चार मिली. आणि कागदावर लिहिलं ड्रॉप्स, चार मिली. ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे मी चौपट लिहिलं होतं. रात्री दोन वाजता सिस्टरनी बाटली हातात धरली, कागद बघितला, माझ्यासमोर येऊन दोन्ही शेजारी ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. बाळाला काही झालं नाही कारण त्या थांबल्या. तेव्हापासून मी कधीही नुसतं "पॅरासिटामॉल पाच मिली" लिहिलेलं नाही आणि कोणाला लिहू दिलेलं नाही.

तर असं कर. वजन आजचं घे, स्वतः काट्यावर ठेवून, आईने सांगितलेलं किंवा जुन्या कागदावरचं नको. आधी मिलिग्रॅम काढ, मग बाटलीवरची ताकद वाच, कारण सिरप ५ मिलीत १२५ चं पण मिळतं आणि २५० चं पण, दिसायला सारखंच. मग मिली. तिन्ही आकडे कागदावर लिही, नुसता शेवटचा नको. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉप्स दीड मिली, १२५ चं सिरप सहा मिली, २५० चं तीन मिली. एकच औषध, एकच मूल, तीन आकडे. आईला चमच्याने सांगू नकोस, घराघरात चमचा वेगळा असतो, सिरिंजवर किंवा बाटलीच्या मापावर नखाने खूण करून दे आणि तिच्याकडून एकदा भरून घे. बारा-तेरा वर्षांचं वजनदार मूल असेल तर गणितातून मोठ्या माणसापेक्षा जास्त डोस निघू शकतो, तिथे थांबायचं, मोठ्यांचा डोस ही वरची हद्द.

सलाईनचंही हेच, ५०० ची बाटली अख्खी लावून निघून जायचं नाही. मायक्रोड्रिप या बारीक थेंबांच्या नळीत ६० थेंबांचा एक मिली होतो, त्यामुळे तासाला जितके मिली हवे तितकेच मिनिटाला थेंब. एवढं लक्षात ठेवलंस की रात्री डोकं चालत नसतानाही मोजता येतं. आणि सिस्टर काही विचारायला आल्या तर चिडू नकोस.

आमची बॅच पुढच्या आठवड्यात एनआरसीत आहे. मित्र म्हणतात तिथे नुसतं वजन करणं आणि खाऊ घालणं असतं, शिकण्यासारखं काही नाही, त्या वेळात लायब्ररीत बसावं का?
विद्यार्थी, अमरावती

नको. अमरावतीत राहून असं म्हणू नकोस, कुपोषणामुळे सतत चर्चेत असलेलं मेळघाटातलं धारणी-चिखलदरा तुझ्याच जिल्ह्यात आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात जे शिकशील ते दुसऱ्या कुठल्याच वॉर्डात शिकणार नाहीस.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज, म्हणजे अतितीव्र कुपोषण. पावलावर अंगठा काही सेकंद दाबून धर, उचलल्यावर खड्डा राहतो का बघ. सूज आलेलं मूल वजनकाट्यावर बरं दिसतं आणि आई म्हणते आता जरा अंगावर आलाय, तिथेच माणूस फसतो. या मुलांचं शरीर आतून इतकं मंद झालेलं असतं की इन्फेक्शन असूनही ताप येत नाही, साखर पटकन उतरते, अंग गार पडतं. म्हणून पहिले दिवस पोटभर खायला घालायचंच नसतं, एफ-७५ नावाचं पातळ दूध, १०० मिलीत ७५ कॅलरी, थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सलाईन घाईने सोडलं तर हृदयाला झेपत नाही, लोह सुरुवातीला द्यायचं नसतं. भूक परत आली की मग एफ-१०० आणि घरचं जेवण. रात्री तीनचा फीड कोणी चुकवला तर काय होतं हे ज्याने एकदा पाहिलंय तो कधीच म्हणणार नाही की नुसतं खाऊ घालणं आहे.

माझ्या डोळ्यासमोर अजून एक मुलगी आहे, चौदा महिन्यांची, आली तेव्हा रडतही नव्हती. तोंडावर माशी बसली तरी हात हलवत नव्हती. नवव्या दिवशी सकाळी तिने चमचा घेतला आणि वाटीवर जोरात आपटला. तिची आई वॉर्डभर सांगत सुटली, ढण्ण वाजवली म्हणे वाटी. ग्राफवर त्या दिवशी वजन जेमतेम वाढलेलं होतं, पण तिथल्या सिस्टरनी मला सांगितलं की मॅडम ही आता उठणार, आणि ती उठली.

आईकडे बघ. तिला बुडीत मजुरी मिळते, पण घरी अजून दोन पोरं आहेत, सोयाबीन काढणीला आलंय, नवऱ्याचा फोन येतोय की कधी येतेस, आणि ती चौथ्या दिवशी गाठोडं बांधते. तिला "मुलापेक्षा शेत महत्त्वाचं का" असं कोणीही विचारू नये. तिच्याशी बोलून अजून दोन दिवस थांबवता आलं तर ते तुझं या पोस्टिंगमधलं सगळ्यात मोठं काम समज. कोरकू येत नसेल तर तिथली आशाताई मदत करेल.

मॅडम, एनआयसीयूमध्ये आमच्या पोस्टिंगच्या काळात ९०० ग्रॅमचं एक बाळ होतं. मी रोज जाऊन बघायचे, त्याचं वजन माझ्या वहीत आहे. सहाव्या दिवशी गेले तर बेड रिकामा. कोणी काही बोललं नाही, राउंड पुढे गेला. मला झोप येत नाही. मी या लाइनसाठी कमकुवत आहे का?
नाव नको, नागपूर

नाहीस ग. अजिबात नाहीस. तू सहा दिवस त्याचं वजन लिहिलंस, त्याच्या आईवडलांनंतर आणि सिस्टरनंतर त्याला रोज बघणारी तूच असशील.

राउंड पुढे गेला कारण शेजारच्या वॉर्मरवर दुसरं बाळ होतं, पण थांबून दोन वाक्यं बोलायला हवी होती आणि ती बोलायची जबाबदारी मोठ्यांची होती. त्या युनिटच्या रेसिडेंटला गाठ आणि सरळ विचार की काय झालं. बहुतेक त्यालाही बोलायचंच असतं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं, आतडी, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कच्च्या असतात, त्यातलं नेमकं काय झालं हे कळलं की मनातला "कोणी काही चुकलं का" हा किडा थोडा शांत होतो. आणि चुकलं असेल तर तेही कळायलाच हवं.

मी एकदा एका वडलांना सांगायला गेले होते. बाळाला जाऊन दहा मिनिटं झाली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि पिशवीतून एक टोपडं काढलं, आजीने शिवलेलं, लाल काठाचं, म्हणाले हे घालता येईल का, घरी न्यायच्या वेळेला घालायचं होतं. सिस्टरनी सगळ्या नळ्या काढल्या, ओल्या कापसाने तोंड पुसलं, टोपडं घातलं, फार मोठं होत होतं म्हणून मागे दुमडून घेतलं आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. मी तिथे उभी राहून रडले आणि कोणी मला कमकुवत म्हणालं नाही. त्याच दिवशी चार वाजता माझी ओपीडी होती.

बाळ गेल्यावरही आईला दूध येत राहतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि वॉर्डात ती ब्लाऊज भिजलाय म्हणून पदर ओढून बसलेली असते. तिच्याजवळ जायला विद्यार्थी घाबरतात. जा. काही बोलायला सुचलं नाही तरी चालतं, दुखतंय का एवढं विचार आणि सिस्टरना बोलव. मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, अशा पेढ्यांना दूध देणाऱ्यांमध्ये बाळ गमावलेल्या आयाही असतात. सगळ्यांना ते झेपत नाही, कोणालाही सुचवायची घाई करू नये, पण कोणी स्वतः विचारलं तर आपल्याला माहीत असावं.

आणि तू स्वतःसाठी: एकटी खोलीत बसू नकोस, घरी फोन कर, ज्या मॅडमशी मोकळं बोलता येतं त्यांच्याकडे जा. दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. आणि त्याच एनआयसीयूच्या बाहेर कांगारू केअरच्या खोलीत एक दुपार जाऊन बस. दीड किलोची बाळं आईच्या छातीला चिकटून, वरून शाल, आणि बाहेर नुसतं लाल टोपडं दिसतंय. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून ही पद्धत सुरू झाली. तिथली वजनंही तुझ्या वहीत लिही.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला जुलाबात द्यायच्या ओआरएसचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाले मी बाळाची आई आहे, समजावून सांगा. मी त्यात कोणते घटक किती असतात ते सांगायला लागलो, ते थांबवून म्हणाले आई यातलं काय करणार? पुढे काय बोलायला हवं होतं?
विद्यार्थी, लातूर

मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अख्खं, एकदम. अर्धं अर्धं करायचं नाही. घरात एक लिटरची बाटली आहे का ते विचारायचं. पाणी उकळून गार केलेलं किंवा जे घरी प्यायला वापरता ते स्वच्छ पाणी, आणि केलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. घोट घोट, चमच्या-चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, जेवण बंद करायचं नाही. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आणि परत कधी यायचं ते: बाळ पीत नाही, सगळं उलटून टाकतंय, मलूल झालंय, शीमधून रक्त पडतंय, लघवी कमी झालीय. मग तिच्याकडून एकदा परत सांगून घ्यायचं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं होतं, पाजायचं काम त्यांनीच केलं.

पोस्टिंगला जाताना बॅगेत काय न्यायचं? आणि मुलांचे आजार आपल्याला लागतात का?
दोन मैत्रिणी, नाशिक

लागतात, पहिल्या पंधरवड्यात सर्दी-खोकला बहुतेक सगळ्यांना होतो. कावीळ ब चे डोस पूर्ण आहेत ना बघून घ्या, कांजिण्या लहानपणी झाल्या होत्या का ते आईला विचारून ठेवा, झाल्या नसतील तर लसीबद्दल कॉलेजात विचारा. स्वतःला ताप असेल तर एनआयसीयूत पाय ठेवायचा नाही, अटेंडन्स गेली तरी चालेल. नखं कापलेली, हातात अंगठी-घड्याळ नाही, ओढणी पिन केलेली, केस बांधलेले.

बॅगेत न ताणली जाणारी मेजर टेप, टॉर्च, सेकंदकाटा असलेलं घड्याळ खिशात, छोटी वही, आणि एक खुळखुळा, धुता येईल असा प्लास्टिकचा. कापडी खेळणं नको, एका बाळाकडून दुसऱ्याकडे जंतू नेतं. डबा घरचा न्या आणि राउंडच्या आधी काहीतरी खाऊन जा, रक्त काढताना उपाशी पोटी चक्कर येऊन पडलेले विद्यार्थी मी दरवर्षी उचललेत.